लाटसाहेबांचा पावसाळी वाडा

मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरला वर्षाकाठी तीन मुक्काम लागत. हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरी आणि पावसाळा पुण्यात. यातलं पावसाळ्याचं घर आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. अंगानं अस्सल दख्खनी काळा पाषाण, पण चेहरामोहरा इटलीतल्या एखाद्या उमरावाच्या गावाबाहेरच्या वाड्याचा.

हे घर गणेशखिंडीत आहे. ते होण्याआधी लाटसाहेबांचा, म्हणजे गव्हर्नरचा, पुणे मुक्काम दापोडीला असे. कॅप्टन फोर्ड याचा तिथला बंगला गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सरकारसाठी विकत घेतला आणि शेजारी वनस्पती उद्यान उभं केलं. पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन याने त्या बागेचा कारभार पाहिला. त्याने एका स्थानिक चित्रकाराकडून झाडाफुलांची दीडशेहून अधिक चित्रं काढून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या राजेशाही वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही.

सर बार्टल फ्रिअर १८६२ मध्ये गव्हर्नर झाला. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस अडला होता, लँकेशायरच्या गिरण्यांना आपला कापूस हवा होता आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. त्या भरात १८६४ मध्ये गणेशखिंडीत नव्या घराचं काम सुरू झालं. आराखडा जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, मुंबईतल्या बँका आणि कंपन्या बुडाल्या. बांधकाम मात्र चालूच राहिलं. १८७१ मध्ये ते पुरं झालं तेव्हा खर्च दीड लाख पौंडांच्या वर गेला होता. ब्रिटिश पार्लमेंटातही या उधळपट्टीवर ताशेरे ओढले गेले. फ्रिअर तोवर मायदेशी परतला होता.

पुण्यात इटालियन थाट आला तो इंग्लंडमार्गे. राणी व्हिक्टोरियाचा पती अल्बर्ट याने आइल ऑफ वाइट बेटावर ऑस्बर्न हाउस बांधवून घेतलं. समोरचा समुद्र पाहून त्याला नेपल्सच्या उपसागराची आठवण होई, म्हणून घरही त्याच धाटणीचं. गणेशखिंडीच्या इमारतीचं ऑस्बर्नशी असलेलं साम्य जाणकार आवर्जून दाखवतात. मूळ इटालियन वाड्यांची रीत अशी: शहराच्या धगीपासून दूर टेकडीवर घर, तिथून मुलूख न्याहाळायला मनोरा, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची बाग आणि उंचावरून स्वतःच्या ओढीनं खेळणारं पाणी. टिव्होलीच्या व्हिला देस्तेमध्ये सोळाव्या शतकात नदीचं पाणी वळवून शेकडो कारंजी उडवली ती याच हिशेबानं, एकही पंप न लावता.

गणेशखिंडीत मनोरा आला, घर आलं. पायऱ्यापायऱ्यांची बाग आली नाही. जमीन बरीचशी सपाट, त्यामुळे हिरवळ, फुलझाडं आणि मोठे वृक्ष यांवर भागवलं. इमारत जवळून पाहिली की तडजोड आणखी कळते. अर्धगोल कमानींच्या रांगा इटलीत उन्हाला आडोसा म्हणून असतात; इथे त्यांच्या ओवरीत उभं राहून तिरपी सर चुकवता येते. पाहुण्याला गाडीतून कोरडं उतरता यावं म्हणून पुढे ऐसपैस पोर्च आहे. चौकोनी मनोऱ्यावर इलाख्याच्या मालकाचं निशाण फडके.

शेजारच्या गणेशखिंड बागेत १८७३ मध्ये वनस्पती उद्यान सुरू झालं. पुढे ते शेतीखात्याकडे आणि कृषी विद्यापीठाकडे गेलं. आंब्याच्या जुन्या झाडांसाठी ती बाग ओळखली जाते. २०२० मध्ये राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला.

या घराच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली रात्र २२ जून १८९७ ची. व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून प्लेगचा अधिकारी रँड निघाला आणि गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याला गाठलं. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड काही दिवसांनी गेला. प्लेगच्या झडत्यांनी पिचलेलं पुणं आणि रोषणाईत न्हालेली गणेशखिंड यांत केवढी दरी होती, ते त्या रात्री साऱ्या जगाला कळलं.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झालं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि लाटसाहेबांचं आवार विद्यापीठाला मिळालं. चारशे एकरांहून मोठी ही जागा. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव दिलं गेलं. मुलींच्या शाळेसाठी शेणगोळे झेललेल्या बाईचं नाव गव्हर्नरच्या वाड्याला लागावं, यापरता चोख न्याय नाही.

वर्षातले चार महिने एका माणसानं राहावं म्हणून रयतेच्या पैशातून उभारलेलं हे घर त्या काळी खरोखरच उधळपट्टी होतं. त्याची किंमत वसूल झाली ती विद्यार्थ्यांनी. तेव्हा नागपूरकडच्या खापरखेड्याहून, सावनेरहून लेकराला प्रवेशासाठी घेऊन पुण्याला जाल, तर अर्ज भरून लगेच परतीची गाडी धरू नका. तासभर काढून या इमारतीला फेरी मारा. ती रयतेच्या करातून बांधली आहे.