रुग्णालयातील पडणे : सेवेतील सावधानता

दरवर्षी ११ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा जागतिक रुग्ण दिन पाळते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली तो घोषित केला. रुग्णसेवेत प्रार्थनेइतकीच सावधानताही मोलाची आहे. वृद्ध रुग्ण अनेकदा शौचास जाता-येताना पडतात. अंथरुणातून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून भोवळ येते. झोपेच्या व रक्तदाबाच्या औषधांनी हा धोका वाढतो. खुब्याचे हाड मोडल्यास अनेकांना पुन्हा पूर्ववत चालता येत नाही.

म्हणून सोबतच्या नातेवाइकांनी खाटेच्या चाकांना ब्रेक लावलेला आहे ना, हे पाहावे. घंटा, चष्मा व पाणी रुग्णाच्या हाताशी ठेवावे. त्याला आधी काही वेळ बसवून मगच उभे करावे. संकोचापोटी परिचारिकेला न बोलावणारे रुग्ण पुष्कळ असतात. मदत मागण्यात कमीपणा नाही, हे त्यांना प्रेमाने सांगावे. हीदेखील रुग्णसेवाच होय.