अपडेटनंतर लिनक्स अडला, तर आधी त्याची रोजकीर्द पाहा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ ज्यावर चालत नाही असे जुने संगणक आपल्या मीरा रोड-भाईंदरच्या दुकानांत आणि औद्योगिक गाळ्यांत थोडे नाहीत. कोणी लॅमिंग्टन रोडवरून जुना घेतलेला, कोणी मुलाच्या कॉलेजनंतर दुकानात आणून ठेवलेला. अशा यंत्रांवर अनेकांनी लिनक्स घालून घेतला. तो फुकट मिळतो, जुन्या यंत्रावर बऱ्यापैकी चालतो, आणि बिले, पत्रव्यवहार व जीएसटीचे पोर्टल एवढ्या कामाला पुरतो.

अडचण येते ती नंतर. रात्री अपडेट झाले आणि सकाळी प्रिंटर बिल काढीना, वायफाय दिसेना, मराठी-उर्दू टाइप होईना किंवा पडदाच काळा. अशा वेळी दुकानात जमलेल्या चारजणांपैकी एक जण हमखास सल्ला देतो, "फॉरमॅट मारून टाका." हा सल्ला सर्वांत सोपा वाटतो आणि तोच सर्वांत महाग पडतो. फॉरमॅटमध्ये पार्ट्यांची खाती, उधारीचा हिशोब, कारीगरांचे नमुने, डिझाइनच्या फायली असे सर्व पुसले जाऊ शकते. आणि बहुतेक वेळा त्याची गरज नसते, कारण मोडलेले काही नसते. फक्त एखादे सेटिंग बिघडलेले असते.

अपडेटमध्ये नेमके काय होते

लिनक्स हा एका कंपनीचा माल नाही. त्याचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिण्यास सुरुवात केली. त्याभोवती हजारो लहानमोठे प्रोग्राम वेगवेगळ्या लोकांनी तयार केले. ते एकत्र बांधून उबुंटू, मिंट, फेडोरा अशा नावांनी दिले जातात. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचा लिनक्स काढला आहे. बॉस, उबुंटू आणि मिंट ही तिन्ही डेबियन या एकाच मूळ प्रणालीच्या घराण्यातील आहेत. म्हणून खालील बहुतेक उपाय तिघांनाही लागू पडतात.

अपडेट म्हणजे यांतील काही प्रोग्राम काढून त्यांच्या जागी नवे बसवणे. परंतु आपण केलेली सेटिंगे, म्हणजे कोणता प्रिंटर, कोणती भाषा, कोणती वेळ, ही साध्या मजकुराच्या फायलींत वेगळी ठेवलेली असतात आणि ती सहसा जुनीच राहतात. सगळ्या यंत्राची सेटिंगे 'ईटीसी' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. प्रत्येक वापरणाऱ्याची स्वतःची सेटिंगे त्याच्या होम फोल्डरमध्ये लपवलेली असतात. नवा प्रोग्राम आणि जुने सेटिंग यांचे पटले नाही की काम अडते. मुनीम नवा आला आणि वही जुन्या पद्धतीची राहिली, तर जे होते तेच येथे होते.

एका नावाने केलेला घोळ

याचे उत्तम उदाहरण आपल्या देशाच्याच वेळेचे आहे. संगणकांच्या जागतिक यादीत भारतीय प्रमाणवेळेचे नाव पूर्वी 'एशिया/कलकत्ता' असे होते. १ जानेवारी २००१ पासून त्या शहराचे अधिकृत इंग्रजी नाव 'कोलकाता' झाले आणि पुढे यादीतही 'एशिया/कोलकाता' आले. जुने नाव टोपणनाव म्हणून अनेक वर्षे चालू राहिले, त्यामुळे कोणाला फरक जाणवला नाही.

एप्रिल २०२४ मध्ये उबुंटू २४.०४ आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आले. या दोन्हींत अशी जुनी नावे मुख्य यादीतून काढून 'टीझेडडेटा-लेगसी' नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवण्यात आली. परिणाम असा झाला की जावामध्ये लिहिलेले काही प्रोग्राम पोस्टग्रेस या डेटाबेसला जुनेच 'कलकत्ता' नाव सांगत राहिले, आणि डेटाबेस "असे नाव मला माहीत नाही" म्हणून दार उघडेना. यंत्र शाबूत, हिशोब शाबूत, प्रोग्राम शाबूत. उपाय एवढाच की सेटिंगमध्ये 'कोलकाता' लिहावे किंवा ते जुन्या नावांचे पॅकेज बसवून घ्यावे. जो फॉरमॅट मारून तीच नवी आवृत्ती पुन्हा घालील, त्याला तोच दोष पुन्हा दिसेल.

दुसरे उदाहरण विंडोजचे आहे, पण शिकवण तीच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सेटिंगच्या एका सदोष फायलीमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्याकडेही काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावर उपाय म्हणजे संगणक सुरक्षित अवस्थेत सुरू करून ती एक फाइल काढून टाकणे. एक धागा तुटला म्हणून करघ्यावरचा कारीगर सारे थान कापून टाकत नाही. तो तुटलेला धागा शोधतो आणि गाठ मारतो.

रोजकीर्द कोठे असते

जमाखर्च जुळेनासा झाला की जाणता मुनीम सगळी वही फाडत नाही. तो शेवटच्या जुळलेल्या तारखेपासून पुढच्या नोंदी तपासतो. लिनक्समध्येही हेच करायचे आहे, आणि सुदैवाने हे यंत्र स्वतःची रोजकीर्द स्वतःच लिहीत असते.

डेबियन घराण्यात 'व्हीएआर' फोल्डरमध्ये 'लॉग', त्यात 'एपीटी' आणि त्यात 'हिस्टरी.लॉग' नावाची फाइल असते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता प्रोग्राम कोणत्या जुन्या आवृत्तीवरून कोणत्या नव्या आवृत्तीवर गेला, हे त्यात ओळीने लिहिलेले असते. काल प्रिंटर चालत होता आणि आज चालत नाही, तर या दोन वेळांमधल्या नोंदींत प्रिंटरशी संबंधित काय बदलले ते पाहावे. निम्मे उत्तर येथेच मिळते.

दुसरी वही म्हणजे चुकांची नोंद. टर्मिनल नावाच्या खिडकीत 'जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर' असे इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाइप केले की यंत्र सुरू झाल्यापासूनच्या चुका दिसतात. सगळ्या समजल्या नाहीत तरी चालेल. मोबाइलवर फोटो काढून जाणकाराला पाठवावा. "कॉम्प्युटर खराब झाला" असे सांगण्यापेक्षा हा फोटो शंभर पटीने उपयोगी असतो.

नेहमीचे बिघाड आणि त्यांचे उपाय

यंत्र सुरूच होत नसेल तर: लिनक्स नवे कर्नल बसवताना जुनेही सहसा ठेवून देतो. यंत्र सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केपचे बटन दाबले की यादी येते. त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचे कर्नल निवडावे. त्यावर यंत्र सुरू झाले, तर दोष नव्या कर्नलशी निगडित आहे हे निश्चित झाले आणि दुकानाचे कामही थांबले नाही. वायफाय गेले असेल तेव्हाही हीच परीक्षा करावी, कारण काही वायफाय चिपांचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्याने तयार व्हावा लागतो.

अपडेट अर्धवट राहिले असेल तर: मध्येच वीज गेली की काही प्रोग्राम उतरतात, पण त्यांची मांडणी पुरी होत नाही. अशा वेळी 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही आज्ञा राहिलेले काम पुरे करते. त्यानंतर 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' द्यावी. डिस्क भरलेली असली तरी अपडेट अडते. म्हणून 'डीएफ -एच' टाइप करून जागा किती शिल्लक आहे ते आधी पाहावे.

प्रिंटर अडला असेल तर: आपल्या बाजारात एचपी कंपनीचे लेझरजेट १०२० आणि एम१००५ हे प्रिंटर नेहमी दिसतात. लिनक्समध्ये यांना कंपनीचे एक वेगळे प्लगइन लागते आणि ते 'एचपीलिप' या प्रोग्रामच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावे लागते. अपडेटमध्ये एचपीलिप नवा झाला आणि प्लगइन जुने राहिले की प्रिंटर मुका होतो. टर्मिनलमध्ये 'एचपी-प्लगइन' टाइप करून नवे प्लगइन उतरवले की काम होते. प्रिंटर दुसऱ्या कंपनीचा असेल, तर सेटिंगमध्ये तो नुसता 'थांबवलेला' तर नाही ना, हे पाहावे. ग्राहक समोर उभा असताना प्रिंटर उलटासुलटा करण्यात अर्थ नसतो.

जुना लहान प्रोग्राम बंद पडला असेल तर: बारकोड किंवा लेबल छापण्यासाठी कोणी पूर्वी लिहून दिलेले प्रोग्राम पायथन २ या भाषेत असू शकतात. डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ यांतून ही भाषा काढून टाकली आहे. येथे सेटिंग बदलून भागणार नाही. प्रोग्राम पायथन ३ मध्ये लिहून घ्यावा लागेल. तसेच उबुंटूची मोठी आवृत्ती बदलताना बाहेरच्या ठिकाणांहून घेतलेल्या प्रोग्रामांचे स्रोत बंद केले जातात. ते नव्या आवृत्तीला जुळतात का हे पाहून मगच पुन्हा चालू करावेत.

मराठी-उर्दू टाइप होत नसेल तर: लग्नपत्रिका छापणाऱ्यांना हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. प्रथम कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा यादीत आहे का ते पाहावे, नसेल तर पुन्हा जोडावी. उर्दू नस्तालीकऐवजी नस्ख वळणात दिसू लागली, तर 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फॉन्ट बसवलेला आहे का आणि निवडलेला आहे का, हे तपासावे.

"जुने ठेवू की नवे?"

मोठ्या अपडेटच्या वेळी यंत्र मध्येच थांबून विचारते की या सेटिंगची फाइल आपण बदललेली आहे, आता आपली ठेवू की नवी घालू? घाईत कोणतेही बटन दाबू नये. 'डी' दाबल्यास दोहोंतील फरक दिसतो. आपली ठेवली तर नवी फाइल शेवटी 'डीपीकेजी-डिस्ट' असे नाव लावून बाजूला राहते. नवी घेतली तर आपली जुनी 'डीपीकेजी-ओल्ड' नावाने राहते. फेडोरामध्ये अशाच फायलींना 'आरपीएमन्यू' आणि 'आरपीएमसेव्ह' म्हणतात. म्हणजे चुकीची निवड झाली तरी माल गोदामातच आहे, बाहेर गेलेला नाही. दोन्ही फायली शेजारी ठेवून ताडून पाहता येतात.

दोष सगळ्या यंत्रात आहे की आपल्याच खात्यात, हे कळण्याचीही एक साधी युक्ती आहे. यंत्रावर दुसऱ्या नावाचे नवे खाते उघडावे. तेथे सर्व ठीक चालत असेल, तर बिघाड आपल्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या सेटिंगांत आहे. तेथेही तेच होत असेल, तर शोध 'ईटीसी' फोल्डरमध्ये घ्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, एका वेळी एकच बदल करावा. फाइल बदलण्यापूर्वी तिची प्रत ठेवावी आणि काय बदलले ते कागदावर लिहावे. पाच बदल एकदम केले तर कशाने गुण आला आणि कशाने नुकसान झाले, काहीच कळत नाही.

अपडेटपूर्वीची खबरदारी

या सगळ्याला घाबरून अपडेट बंद ठेवणे हा शहाणपणा नव्हे. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. पण वेळ आपण ठरवावी. मासिक विवरण भरणाऱ्यांनी ११ आणि २० या तारखांच्या तोंडावर, आणि कोणीही ईद-दिवाळीच्या गर्दीत, मोठे अपडेट करू नये. उबुंटूची 'एलटीएस' आवृत्ती निवडावी. ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे आधार मिळतो.

मिंटबरोबर येणारा 'टाइमशिफ्ट' प्रोग्राम अपडेटपूर्वीच्या प्रणालीचे चित्र जपून ठेवतो आणि बिघाड झाल्यास मागे नेतो. मात्र तो आपल्या होम फोल्डरची प्रत आपणहून घेत नाही. म्हणून हिशोबाच्या फायली वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर ठेवाव्यात. ती डिस्क दुकानात न ठेवता घरी न्यावी. आणि त्यातली एखादी फाइल कधीतरी उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे गाठोडे न सोडता माल घेणे.

शेवटी, सगळ्यांनी संगणकाचे मिस्त्री व्हावे असे नाही. दुरुस्तीवाला बोलवावाच लागेल. पण त्याने फॉरमॅटचे नाव काढले की त्याला चार प्रश्न विचारावेत. शेवटच्या अपडेटमध्ये काय बदलले, ते पाहिले का? जुन्या कर्नलवर यंत्र चालवून पाहिले का? नव्या खात्यात दोष येतो का? आणि माझ्या फायलींची प्रत काढून, उघडून दाखवली का? या चारांची उत्तरे मिळेपर्यंत यंत्र त्याच्या हवाली करू नये.