भिंतीवरची तिरकी भेग

अंबरनाथ-बदलापूरखालचा काळा बेसाल्ट सहसा खचत नाही. खचतो तो त्यावरचा भराव आणि उल्हास-वालधुनीकाठचा गाळ. गाळातले पाणी निघून गेले की कण जवळ सरकतात, जमीन बसते. सगळी इमारत सारखीच बसली तर भिंतीला पत्ताही लागत नाही. एक कोपरा जास्त बसला की तिरकी भेग पडते. (प्रत्येक भेगेचा दोष जमिनीचा नसतो, स्लॅबमधले लोखंड गंजूनही भेगा पडतात.)

सखल जागा स्वस्त, म्हणून तिथे कमी मिळकतीची कुटुंबे राहतात. जमीन चार बोटे बसली, तर पुराचे पाणी घरात तेवढेच जास्त चढते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली, त्याची बातमी झाली. भिजलेल्या शिलाई यंत्रांची होत नाही.

भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने बसवून तारीख लिहा. पट्टी तडकली, तर भेग अजून वाढते आहे.