टप उघडा, भार उंबरठ्यावर

संपादकांचा निरोप एका ओळीचा होता: ऑक्सफर्डला आहेस, तर विक्रीला लागलेली एखादी जुनी एमजी बघून लिही. म्हणून एका गॅरेजच्या पत्र्याखाली 1964 सालच्या लालभडक 'एमजीबी'समोर उभा राहिलो. तारांची चाकं, काळी चामडी आसनं, मागे घडी घातलेला टप. काचेवर पाटी: 'संपूर्ण पुनर्बांधणी'.

इतिहास थोडक्यात सांगतो. जवळच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये 1962 ते 1980 ही गाडी बनली. पक्क्या छपराची 'जीटी' धरून पाच लाखांवर. त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. 1798 सीसीचं इंजिन काही शर्यतीच्या घराण्यातलं नव्हे, एमजीची तेव्हाची मालक कंपनी बीएमसी हिच्या घरगुती गाड्यांच्या गोतावळ्यातलंच. आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं 1489 सीसीचं इंजिनही त्याच कुळातलं. एमजीबीचा आवाज ऐकून मला सुंदर गाडीपेक्षा पुण्या-मुंबईची टॅक्सीच आधी आठवली.

मी खरा अडकलो तो गॅरेजमधल्या वयस्कर कारागिरापाशी. बॉनेटकडे त्यानं बघितलंही नाही. जमिनीवर बसला आणि दाराखालच्या पट्टीवर बोटाच्या पेराने टकटक करू लागला, बाजारात नारळ वाजवून घेतात तसा. ही पट्टी म्हणजे गाडीचा उंबरठा. आधीच्या एमजीएला खाली वेगळी चासी होती. एमजीबीला ती नाही, पत्र्याची कायाच सगळा भार पेलते. त्यात वर छप्पर नाही. म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून राहतात ते मुख्यतः या दोन उंबरठ्यांच्या जोरावर. तो एकेरी पत्रा नसतो. बाहेरचा, आतला आणि मधला पडदा असे तीन थर, शिवाय खालून आधाराची पट्टी. पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल तिथे साचतो, पाणी निघायची भोकं बुजतात आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून फोड दिसेपर्यंत आतला पडदा चाळणी झालेला असतो.

दुरुस्तीची खरी मेख पुढेच. दाराच्या चौकटीत आधी लोखंडी आडवे टेकू जोडून मगच उंबरठा कापायचा. घाई केली तर मधोमध गाडी लवते, आणि मग दार जन्मभर कुरकुरतं. पैसे वाचवायला काही जण फक्त बाहेरचा थर बदलतात, लांबी भरून वर रंग मारतात. हे लपवायला लाल रंगासारखा साथीदार नाही, असं माझं मत झालं.

1988 पासून जुन्याच साच्यांवर नव्या काया मिळू लागल्या. सोय झाली, पण 'पुनर्बांधणी' या शब्दाखाली काय काय मावतं, ते विचारायला हवं. शिवाय चाळीस वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या बहुतेक गाड्यांना ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीची सक्ती 2018 पासून राहिलेली नाही. मालकाची नजर हीच तपासणी.

लांबी भरली आहे का बघायला कारागिरानं उंबरठ्यावर चुंबक फिरवला. तो सगळीकडे चिकटला. मग त्यानं उंबरठ्याखालच्या ठरलेल्या जागी जॅक लावून एक बाजू उचलली आणि मला दार उघडायला सांगितलं. दार सहज उघडलं, तसंच मिटलं. फट दोन्ही टोकांना सारखी. तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली.

तेवढ्यात एक जोडपं आलं. गृहस्थ तारांच्या चाकांचे फोटो काढू लागले, बाईंनी रंगाचं नाव विचारलं. गाडी अजून जॅकवरच होती.