दहा दिवसांचा देश, मुक्काम धामणकर नाका

या देशात हिमालयातलं शिवमंदिर आणि केरळचं गोपुर एकाच गल्लीत मावतं. यंदा जिथे राजवाडा आहे तिथे गेल्या वर्षी समुद्रकाठचं देऊळ होतं, आणि पुढच्या वर्षी काय असेल ते आषाढ सरेपर्यंत चारदोन कार्यकर्त्यांनाच ठाऊक. सरहद्द बांबूची, शिखरं प्लायवूडची, आयुष्य भाद्रपद चतुर्थी ते अनंत चतुर्दशी. नकाशावर हा देश कुठेच सापडत नाही, पण गणेशोत्सवात महाराष्ट्रभर दरवर्षी त्याची नवी शहरं वसतात. त्यातल्या एका शहराचा हा परिचय. पत्ता: धामणकर नाका, भिवंडी.

एरवी या नाक्यावर कुणी काही बघायला येत नाही. इथे थांबलेला माणूस बहुधा कोंडीत अडकलेला असतो. एकीकडे उड्डाणपूल, दुसरीकडे मेट्रोचे खांब, खाली रिक्षांची रांग आणि त्यांच्यातून वाट काढणारे कापडाच्या ताग्यांनी भरलेले टेम्पो. अंजूरफाट्याकडून गोदामांचे कंटेनर येतात, कल्याण नाक्याकडून बाजारहाटाची गर्दी. जवळच पद्मनगर, तेलंगणातून आलेल्या विणकरांची वस्ती. तिथे दुकानांच्या पाट्या तेलुगूत दिसतात आणि रस्त्यावरची भांडणंही तेलुगूत ऐकू येतात. पलीकडे कामतघर आणि वऱ्हाळदेवीचा तलाव. आणि या सगळ्याच्या मागे, दिवसरात्र, लूमचा खडखडाट. परगावचा माणूस पहिल्या रात्री झोपत नाही. भिवंडीकराला वीज गेल्यावर जाग येते.

१८५७ नंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर आपले हातमाग घेऊन इथे आले. १९३० च्या दशकात यंत्रमाग आला आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचं बरंच कापड इकडे वळलं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांच्या वर गेली होती. यातला लूमवरचा कामगार बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, जेवण बिसीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत. सुट्टी घेतली की मजुरी गेली, असा रोखठोक हिशेब. अशा माणसाला रामेश्वर किंवा केदारनाथ पाहायचं असेल तर रजा, रेल्वेचं तिकीट आणि गावी पाठवायच्या पैशात पडणारी तूट, तिन्ही मोजावी लागतात. म्हणून केदारनाथच त्याच्या नाक्यावर येतं.

धामणकर नाका मित्र मंडळ अशाच भव्य प्रतिकृतींसाठी ओळखलं जातं. उत्सवात रात्री पाळी सुटली की रांग वाढत जाते. तीत लूमवाले, गोदामात हमाली करणारे, कडेवर पोर घेऊन ठाण्या-कल्याणहून आलेली कुटुंबं आणि सेल्फीसाठी आलेली कॉलेजची पोरं, सगळेच असतात. कुठल्याही पर्यटन महामंडळाला हेवा वाटावा अशी ही गर्दी, आणि तिला प्रवासखर्च जवळजवळ शून्य. प्रतिकृतीला खोटी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तिच्यासमोर हात जोडणाऱ्यांचे चेहरे एकदा पाहावेत. मूळ मंदिर कुठे आहे हे त्यांतल्या अनेकांना सांगता येणार नाही. पण ते आपल्याच देशात आहे आणि आपण ते पाहिलं, हे ते गावी फोन करून नक्की सांगतात.

या शहरांची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. मूळ मंदिराचं शिखर शंभर-दीडशे फूट असतं, नाक्यावरची जागा तेवढी नसते, आणि वरून विजेच्या तारा जातात. म्हणून कलादिग्दर्शक नाट्यगृहात आणि चित्रपटाच्या सेटवर चालणारी जुनी युक्ती वापरतो. खालचे थर जवळजवळ खऱ्या मापाचे ठेवायचे आणि वर जाताना प्रत्येक थर प्रमाणापेक्षा जास्त लहान करत न्यायचा. खालून पाहणाऱ्याचा डोळा उरलेली उंची स्वतःच भरून काढतो. खांब आणि मूर्ती साच्यातून काढतात. एक साचा झाला की चाळीस यक्ष एका चेहऱ्याचे निघतात. मग रंगारी कुणाला मिशी देतो, कुणाला नाही. पूर्वी थर्माकोलवर तापलेल्या तारेने नक्षी कापत. २०१८ च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीनंतर प्लायवूड, पुठ्ठा, कापड, कागदाचा लगदा आणि फायबर यांवर भर आला. काम महागलं, पण नक्षी सुधारली असं माझं मत. थर्माकोलच्या कमळाला नेहमी वाढदिवसाच्या केकची कळा असायची.

मागच्या बाजूला मात्र कुणी जाऊ नये. तिथे वासे, काथ्या, पत्रे, जनरेटर आणि चहाच्या पेल्यांची रास. समोरून अकराव्या शतकातलं असलेलं देऊळ मागून बांधकामाची परांची असते. कार्यकर्त्यांना याचं काही वाटत नाही, आणि वाटूही नये.

ही हौस एकट्या भिवंडीची नाही. पुण्यात श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टने २०२३ साली अयोध्येचं राममंदिर उभारलं. ते तेव्हा अयोध्येतसुद्धा पूर्ण व्हायचं होतं. म्हणजे प्रतिकृती मुळाच्या आधी लोकांसाठी खुली झाली. त्यानंतरच्या वर्षी हिमाचलातलं जटोली शिवमंदिर, आणि २०२५ मध्ये तिरुअनंतपुरमचं पद्मनाभस्वामी मंदिर. बंगालमध्ये तर दुर्गापूजेच्या मंडपांनी २०२१ साली दुबईची बुर्ज खलिफाही आणून दाखवली. फरक हा की पुण्या-कोलकात्यात प्रेक्षक बराचसा त्याच शहरात मुरलेला असतो. धामणकर नाक्यावर रांगेत उभा असलेला माणूस बहुधा बाहेरून आलेला, आणि समोरचं देऊळही बाहेरून आलेलं.

भिवंडीत गर्दीने रस्त्यावर येणं ही सहज गोष्ट नव्हती, हे विसरून चालणार नाही. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीतून इथे दंगल पेटली, १९८४ मध्ये पुन्हा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लीगल्लीत मोहल्ला समित्या बांधल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, आणि त्यामागची कारणं सांगणारं पुस्तकही खोपडे यांनी मराठीत लिहिलं. त्यामुळे रात्री अकरा वाजता या नाक्यावर बायका-पोरं निवांत रांगेत उभी दिसतात, तेव्हा जुना भिवंडीकर देखाव्यापेक्षा रांगेकडेच जास्त वेळ पाहतो.

देखाव्यांपुरतंच नाही, देवळाला दुसऱ्याच वास्तूचं रूप द्यायची भिवंडी तालुक्याला जुनी खोड आहे. वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला. १७३९ साली वसई पडली आणि त्यांचे सुभेदार शंकर केशव फडके यांनी देवीचं मंदिर बांधलं, तेही किल्ल्यासारखं. बावन्न दगडी पायऱ्या चढून गेलं की तटबंदी लागते. नगारखाना पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी दिला.  हा नवसाचा किल्ला, लढाईचा नव्हे. खाली अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांत पाय बुडवून बसलेल्यांना वरचा कोट युद्धाची आठवण म्हणून उभा आहे, याचा पत्ताही नसतो.

याच तालुक्यातल्या मराडेपाड्याला हीच गोष्ट नव्याने घडली. तिथलं छत्रपती शिवाजी महाराजांचं मंदिर १७ मार्च २०२५ रोजी, तिथीच्या शिवजयंतीला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते खुलं झालं. मूर्ती घडवली ती अयोध्येच्या रामलल्लांची मूर्ती घडवणारे अरुण योगीराज यांनी. भोवती तटबंदी, बुरूज, दरवाजे आणि शिवचरित्रातले प्रसंग दाखवणारी शिल्पं. महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीकाठी आरमाराचा पाया घातला, तेव्हा असा किल्ला इथे नव्हता. दिवाळीत अंगणात माती कालवणाऱ्या पोराच्या किल्ल्याइतकाच तोही मनातला आहे. फरक आकाराचा, आणि हा किल्ला दिवाळीनंतर मोडत नाहीत.

तालुक्यातला सगळ्यात जुना कल्पित देश मात्र दगडात आहे आणि तिथे रांग नसते. लोनाडजवळच्या टेकडीतलं बौद्ध लेणं साधारण पाचव्या-सहाव्या शतकातलं, अर्धवट सोडलेलं. गुहेत आज देवीचं ठाणं आहे. भिंतीवर एक शिल्पपट आहे: आसनावर बसलेला राजा, भोवती परिवार. अभ्यासक त्यात वेस्संतर जातकाची, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची, कथा ओळखतात.

ती कथा शिबी देशाची. राजपुत्र वेस्संतर कुणालाही नाही म्हणत नाही. कलिंगात दुष्काळ पडतो, तिथले ब्राह्मण येऊन पाऊस आणणारा पांढरा हत्ती मागतात आणि तो देऊन टाकतो. आपला पाऊसच दान केला म्हणून प्रजा चिडते, त्याला वनवासात धाडते. वाटेत तो घोडे देतो, रथ देतो. रानात जूजक नावाचा म्हातारा येऊन मुलं मागतो, तीही देतो. शेवटी पत्नी मद्दीसुद्धा. मग देवांचा राजा सगळं परत मिळवून देतो. आजच्या वाचकाला हा दानशूरपणा जरा धोक्याचा वाटेल, मलाही वाटतो. पण लोनाडच्या पाथरवटाने शिबी देश पाहिलेला नव्हता.  ऐकीव नगरी, ऐकीव हत्ती. कल्याण बंदरातल्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीला दानं दिल्याचं तिथल्या शिलालेखांत आहे. लोनाड त्याच बंदराच्या पाठीमागच्या वाटेवर. त्या वाटेवर थांबणाऱ्यांपुढे न पाहिलेला देश उभा करायचा, हे काम दीड हजार वर्षांपूर्वीही भिवंडीच्या मुलखात चालू होतं.

लोनाडला शिलाहारकालीन शिवमंदिरही आहे, मोडकळीस आलेलं. शेजारच्या चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातला तेराव्या शतकातला शिलालेख सापडला. कल्याणहून रेल्वेने थोडं पुढे गेलं की अंबरनाथचं मंदिर, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा लेख असलेलं आणि आजही पूजेत असलेलं. एवढा ऐवज दारात असताना नाक्यावरच्या देशाचा नकाशा नेहमी लांबचा असतो, ही माझी एकच तक्रार. हिमाचल येतं, केरळ येतं. लोनाड आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. कारण उघड आहे. गर्दीला शिखर लागतं, सोन्याचा रंग लागतो. अर्धवट खोदलेली काळी गुहा कोण बघेल? पण गुहा उभारायला शिखरापेक्षा सोपी, आत शिरता येईल अशी, आणि वरच्या विजेच्या तारांशी तिचं भांडणही नाही. एखाद्या मंडळाने पांढऱ्या हत्तीसकट वेस्संतराचा दरबार एकदा मांडून पाहावा. दुष्काळात पाऊस मागायला परक्या मुलखात गेलेल्या माणसांची गोष्ट या रांगेतल्या पुष्कळांना समजावून सांगावी लागणार नाही.

नाक्यावर उत्सवात यायचं तर संध्याकाळी सातच्या आत किंवा रात्री अकरानंतर. मधल्या वेळेत रिक्षावालाच तुम्हाला अलीकडे उतरवून देईल. ठाणे आणि कल्याण दोन्हीकडून बस आणि शेअर रिक्षा मिळतात. वसई-दिवा मार्गावरचं भिवंडी रोड स्थानक अंजूरफाट्याजवळ आहे, पण तिथे गाड्या मोजक्याच, वेळ पाहून निघावं. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चा पहिला टप्पा कापूरबावडी ते याच नाक्यापर्यंत आखलेला आहे. वज्रेश्वरी आणि अकलोली एका दिवसात होतात. मंगळवार-शुक्रवारी देवीच्या दर्शनाला वेळ धरा. लोनाडसाठी कल्याणहून पडघ्याचा रस्ता धरून बापगावच्या पुढे जावं लागतं. पाऊस ओसरल्यावर जा, विजेरी घ्या, आणि शिल्पपटावर तेल-शेंदूर लावू नका.