स्पॅनिश गावी बिऱ्हाड करताना

रेवदंड्याच्या पुलावरून कुंडलिका ओलांडून साळावला उतरलं, की मुरूडच्या रस्त्यावर कोर्लई लागतं. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या ख्रिस्ती वस्तीत घरातल्या घरात एक निराळी भाषा चालते. तिथली माणसं तिला ‘नोलिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीजांनी 1740 साली रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांच्या हवाली केलं आणि ते निघून गेले. त्यांची भाषा मात्र या गावात राहिली. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी, अशी तिची घडण झाली. आजही हजाराच्या आसपास माणसं ती बोलतात.

माद्रिदला निघालेल्या माणसाला कोर्लईची गोष्ट सांगण्याचं कारण आहे. नोकरी, शिक्षण किंवा जोडीदाराची बदली, निमित्त काहीही असो, पहिली धास्ती एकच असते: स्पॅनिशचा एक शब्दही येत नाही. हे खरं नाही. स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण आहे, आणि पोर्तुगीज आपल्या स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात केव्हाच येऊन बसली आहे. पाव म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘पान’, बटाटा म्हणजे ‘पाताता’, चावी म्हणजे ‘यावे’, साबण म्हणजे ‘खाबोन’, बादली म्हणजे ‘बाल्दे’, बिजागरी म्हणजे ‘बिसाग्रा’. ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. आपला पगार त्याच घरातला.

म्हणून पहिलं सांगणं हे, की स्पॅनिश इंग्रजीतून शिकू नका. मराठीतून शिका. बहुतेक पुस्तकं आणि मोबाइलवरचे धडे इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. त्यांना जे अवघड जातं, त्यातलं बरंचसं आपल्या तोंडात जन्मापासून आहे.

निघायच्या सहा महिने आधी उच्चारांपासून सुरुवात करावी. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. लिहिलं तसं वाचायचं. त आणि द दातांना जीभ लावून, अगदी आपल्यासारखे. इथेच आपली माणसं फसतात. समोर रोमन लिपी दिसली की जीभ आपोआप इंग्रजी होते आणि ‘तोमाते’चा ‘टोमाटे’ होतो. तेव्हा पहिले दोन महिने वहीत प्रत्येक शब्द देवनागरीत लिहून ठेवा.

चार अक्षरांकडे मात्र नीट लक्ष हवं. ‘एच’ मुका असतो, म्हणून रुग्णालय ‘ओस्पिताल’ होतं. ‘जे’चा उच्चार घशातून काढलेल्या ख सारखा. दोन ‘एल’ जोडून आले की य. आणि ‘झेड’ माद्रिदमध्ये जीभ दातांत धरून थ सारखा म्हणतात. ‘इ’ आणि ‘ए’च्या आधी आलेल्या ‘सी’चंही तेच. धन्यवाद तिथे ‘ग्राथियास’, मेक्सिकोत ‘ग्रासियास’. दोन्ही बरोबर आहेत, आपण ज्या गावी जाणार त्या गावचा उच्चार धरावा. शिवाय ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, तेव्हा र घोळवायची सवय करावी.

आता व्याकरणाचं. ‘मला मासा आवडतो’ हे वाक्य इंग्रजीत उलटं करावं लागतं, मी कर्ता होतो आणि मासा कर्म. स्पॅनिशमध्ये तसं करावं लागत नाही. ‘मे गुस्ता एल पेस्कादो’: मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडतो, पेस्कादो म्हणजे मासा. कोळंब्या अनेक असल्या की क्रियापद बदलतं, ‘मे गुस्तान लास गाम्बास’, जसं आपण आवडतो सोडून आवडतात म्हणतो. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी या एका वाक्याशी महिनाभर झटतो. आपल्याला ते पाच मिनिटांत कळतं.

‘तू’ला स्पॅनिशमध्येही ‘तू’च म्हणतात. आदरार्थी ‘उस्तेद’ म्हणजे आपलं आपण. स्पेनमध्ये दुकानदार, शेजारी, कधी डॉक्टरसुद्धा पहिल्याच भेटीत तू म्हणतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. आपण मात्र वयस्कर माणसाला आणि कचेरीत उस्तेद म्हणावं. ‘उद्या येतो’ म्हणताना आपण ‘मी’ गाळतो, तसंच तिथेही गाळतात. मी थकलो आणि मी थकले यांत आपण फरक करतो, तसाच ‘एस्तोय कान्सादो’ आणि ‘एस्तोय कान्सादा’ यांत आहे.

अडतं कुठे, तर ‘आहे’पाशी. मराठीत आहे एकच, स्पॅनिशमध्ये दोन. ‘एस’ म्हणजे मुळातला गुण, ‘एस्ता’ म्हणजे आत्ताची अवस्था किंवा ठिकाण. ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे, ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळला आहे. ही गल्लत वर्षभर होत राहील. होऊ द्या, बोलायचं थांबू नका.

वाक्यात क्रियापद शेवटी टाकायची सवयही मोडावी लागेल. कोर्लईकरांनी परकी भाषा आपल्या वळणावर आणली, कारण मागे अख्खं गाव होतं. माद्रिदमध्ये आपण एकटे असतो, म्हणून तिथलं वळण घ्यावं लागतं.

भाषेच्या जोडीने कागदपत्रं सुरू करा. जन्मदाखला, विवाहाचा दाखला, पदवी यांवर अपोस्टिल लागतं. अपोस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशाने खरा मानावा म्हणून लावलेली अधिकृत मोहर. भारतात ही पद्धत 2005 पासून लागू आहे. आधी राज्य पातळीवर पडताळणी होते, मग परराष्ट्र मंत्रालयाची मोहर लागते. त्यानंतर स्पेन सरकारने मान्य केलेल्या अनुवादकाकडून, म्हणजे ‘त्रादुक्तोर खुरादो’कडून, स्पॅनिश भाषांतर करून घ्यायचं. क्रम उलटा करू नका. आधी भाषांतर करून नंतर मोहर लावली, तर मोहरेचं भाषांतर राहून जातं, कागद परत येतो आणि खर्च दुप्पट होतो.

सगळ्यात मोठा घोळ नावाचा होतो, म्हणून इथे जरा थांबावं. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव, अशी आपली रीत. स्पॅनिश माणसाला नाव एक आणि आडनावं दोन असतात: पहिलं सहसा वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. प्रत्येक अर्जावर त्याचे दोन रकाने असतात, ‘प्रिमेर आपेयीदो’ आणि ‘सेगुंदो आपेयीदो’. समजा पासपोर्टात नावाच्या रकान्यात ‘सुनीता रमेश’ आणि आडनावाच्या रकान्यात ‘पाटील’ आहे. खिडकीवरचा माणूस सरळ मनाने रमेशला पहिलं आडनाव करतो आणि पाटीलला दुसरं. बँकेत एक नाव, ओळखपत्रावर दुसरं, मुलाच्या शाळेत तिसरं. हे निस्तरायला महिने जातात. प्रत्येक अर्जावर पासपोर्टात आहे तसंच लिहा, दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा ठेवा, आणि कागद हातात पडला की खिडकीवरून हलण्याआधी अक्षर न् अक्षर तपासा.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. स्पेनमध्ये लग्नाने बाईचं नाव बदलत नाही. पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर तिथल्या कारकुनाला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाहाचा दाखला आणि नावबदलाचा पुरावा, दोन्ही अपोस्टिल आणि भाषांतर करून सोबत न्यावेत.

माद्रिदला उतरल्यावर पहिलं काम घराचं. भाड्याचा आकडा वाचताना सावध राहा. तिथे हजारासाठी टिंब देतात आणि अपूर्णांकासाठी स्वल्पविराम. 1.250 युरो म्हणजे सव्वा युरो नव्हे, बाराशे पन्नास. आणि पैसे देण्याआधी घरमालकाला एक प्रश्न विचाराच: ‘मे पुएदो एम्पाद्रोनार आकी?’ या पत्त्यावर माझी नोंद करता येईल का? ही नोंद म्हणजे ‘पाद्रोन’, नगरपालिकेतली रहिवासाची नोंद. दवाखान्याचं कार्ड आणि शाळेचा प्रवेश या दोन्हींना ती लागते. काही घरमालक खोली देतात पण नोंदीला नकार देतात. अशी खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

पाठोपाठ परदेशी नागरिकाचं ओळखपत्र. सहा महिन्यांपेक्षा मोठ्या मुदतीच्या व्हिसावर गेलात, तर पोहोचल्यापासून एका महिन्यात त्याचा अर्ज करावा लागतो. त्यासाठी ‘थीता प्रेबिया’, म्हणजे आधी ठरवून घेतलेली वेळ, लागते. ही वेळ लवकर मिळत नाही, तेव्हा पहिल्याच दिवसापासून मागे लागावं.

कचेरीत होणारी नेहमीची चूक म्हणजे न कळताच ‘सी, सी’ म्हणणं. आपल्याला ते सभ्यपणाचं वाटतं, समोरच्याला होकार वाटतो, आणि भलत्याच ठिकाणी सही होते. ‘नो एन्तियेन्दो’, कळलं नाही, हे न लाजता म्हणा. मग ‘मे लो पुएदे एस्क्रिबिर?’, लिहून देता का? ही भाषा लिहिल्यासारखीच बोलतात, त्यामुळे लिहून मिळालेला कागद घरी नेऊन सावकाश उलगडता येतो. फोनवर बोलण्यापेक्षा सुरुवातीला समक्ष जावं, हातवारे तरी उपयोगी पडतात.

शिकायचं खरं ठिकाण मासळीबाजार. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. बर्फावर ‘सार्दिना’ म्हणजे तारलीच्या जातीची मासळी, ‘काबाया’ म्हणजे बांगड्याचा भाऊबंद, ‘कालामार’ म्हणजे माकुळ, ‘आल्मेखा’ म्हणजे तिसऱ्यांसारख्या शिंपल्या. पापलेटची आशा धरू नये. रांग मात्र दिसत नाही. माणसं इकडेतिकडे उभी असतात. आपण पुढे सरकलात तर एखाद्या आजीबाई टोकतील. आत आल्याबरोबर मोठ्याने विचारायचं, ‘एल उल्तिमो?’, म्हणजे शेवटचं कोण? एक हात वर होतो. त्या माणसाला लक्षात ठेवायचं, त्याच्यानंतर आपण. पुढचा माणूस येऊन तेच विचारतो, तेव्हा आपण हात वर करायचा. ज्या दिवशी आपण असा हात वर कराल, त्या दिवशी त्या बाजारात आपण गिऱ्हाईक झालात.

शाकाहारी असाल, किंवा श्रावण पाळत असाल, तर ‘कार्ने नको’ एवढंच सांगून भागत नाही. कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी मांसाचा तुकडा. भाजीत घातलेले ‘खामोन’चे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांडीचे, बारीक काप किंवा सॅलडमधला ट्यूना त्यात मोजत नाहीत. ‘नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन’, असं एकेक नाव घ्यावं. बटाट्याच्या ‘तोर्तिया’त अंडं असतंच.

वर्गही लावावा. माद्रिदमध्ये प्रौढांसाठीच्या सरकारी शिक्षणकेंद्रांत परदेशी माणसांना स्पॅनिश शिकवतात, आणि ‘एस्कुएला ओफिथियाल दे इदियोमास’ या सरकारी भाषाशाळांत कमी शुल्कात पद्धतशीर शिकता येतं. प्रवेशाच्या तारखा ठरलेल्या असतात, त्या गेल्यावर चौकशी करून उपयोग होत नाही.

अशा वर्गांचं मोल आपल्या किनाऱ्याने पाहिलेलं आहे. नवगाव, अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा इथली बेने इस्राएली मंडळी, म्हणजे कोकणातले ज्यू, 1948 नंतर इस्राएलला गेली तेव्हा त्यांची घरची भाषा मराठी होती. तिथे ‘उल्पान’ नावाच्या वर्गांत रोज काही तास नवागतांना हिब्रू शिकवत. त्या भाषेतही मी जातो आणि मी जाते असा फरक आहे, ‘अनी होलेख’ आणि ‘अनी होलेखेत’. त्याच मंडळींनी तिकडे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही चालवलं. नवी भाषा घेताना जुनी टाकावी लागत नाही, याचा याहून जवळचा दाखला आपल्याला मिळणार नाही.

दवाखान्याची वाक्यं मात्र वर्गाची वाट न पाहता पाठ करा. ‘मे दुएले ला काबेथा’, माझं डोकं दुखतं. ‘मे दुएले एल एस्तोमागो’, पोट दुखतं. इथे इंग्रजीवरून अंदाज बांधणं धोक्याचं आहे. ‘कॉन्स्टिपेशन’वरून ‘कोन्स्तिपादो’ म्हणाल, तर स्पेनमधला डॉक्टर सर्दीचं औषध लिहून देईल. बद्धकोष्ठाला ‘एस्त्रेन्यीदो’ म्हणतात. ‘एम्बाराथादा’ म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर. तातडीच्या मदतीसाठी पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळ्यांचा क्रमांक एकच: 112.

मुलांची फार चिंता करू नका. 6 ते 16 वयाच्या मुलांना तिथे शाळा सक्तीची आहे, आणि भाषा न येणाऱ्यांसाठी माद्रिदच्या काही शाळांत ‘आउला दे एन्लाथे’ नावाचे जोडवर्ग असतात. मुलं आपल्या खूप आधी बोलू लागतील, आणि मग आईबापांना मोह होतो: बँकेत, घरमालकाकडे, डॉक्टरकडे मुलालाच पुढे करायचं. बाजारात खुशाल करा. पण आईच्या पोटातली गाठ किंवा बापाची गेलेली नोकरी दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून परक्या माणसाला सांगायला लावू नका. त्या दिवशी दुभाषा मागा, मोडकंतोडकं बोला, कागदावर लिहून न्या, आणि मुलाला शाळेत पाठवा.