उत्तरेच्या राजधान्या, जहाजाच्या वेळापत्रकावर

नोकरीतून निवृत्त झालेल्या दांपत्यापाशी प्रवासाची हौस असते, सवड असते आणि गाठीला थोडीफार पुंजीही असते. पाय मात्र पूर्वीसारखी साथ देत नाहीत. बहुधा दोघांपैकी एकाचे गुडघे कुरकुरत असतात आणि दुसऱ्याला एका जागी बसवत नाही. रोज पहाटे बॅगा भरून बसमध्ये चढायचे आणि रात्री नव्या हॉटेलात त्या पुन्हा उघडायच्या, हा युरोप सहलीचा परिचित क्रम अशा जोडप्याला झेपत नाही. त्यावरचा तोडगा म्हणून बाल्टिक समुद्रातील क्रूझकडे पाहिले जाते. खोली तीच, पलंग तोच. सकाळी खिडकीबाहेर शहर तेवढे नवे. ही सोय खरी आहे. परंतु तिच्या बदल्यात शहरात घालवायचा वेळ कमी होतो. या सहलीचे यश त्या मोजक्या तासांच्या नियोजनावर अवलंबून असते.

जहाज रात्री प्रवास करते, सकाळी धक्क्याला लागते आणि बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी सायंकाळी सुटते. सुटण्यापूर्वी पुरेसा वेळ राखून प्रवाशांनी परतलेले असावे लागते. म्हणजे एका राजधानीच्या वाट्याला फार तर सात-आठ तास येतात. त्यातही धक्का शहरापासून किती दूर आहे, हे माहितीपत्रकात ठळकपणे छापलेले असतेच असे नाही. ‘बर्लिन’ असा उल्लेख असला, तरी जहाज थांबते ते रोस्टोकजवळच्या वार्नेम्युंडे बंदरात. तेथून बर्लिन दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे आणि जाण्यायेण्यातच दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो. ‘स्टॉकहोम’च्या नावाखाली काही मोठी जहाजे सुमारे ६० किलोमीटर दक्षिणेकडील निनेसहामन येथे उभी राहतात. तसे झाले, तर हजारो लहानमोठ्या बेटांमधून वाट काढत स्टॉकहोमात शिरण्याचा काही तासांचा देखणा जलमार्गही हुकतो. डेकवर खुर्ची टाकून पाहता येणारे हे दृश्य गुडघेदुखीच्या प्रवाशासाठी सहलीतील सर्वांत मोठी मेजवानी ठरू शकते. म्हणून आरक्षणापूर्वी राजधानीच्या नावाबरोबरच बंदराचेही नाव विचारून घ्यावे.

या शहरांचे समुद्राशी असलेले नाते आधी समजून घेतले, तर पाहणे सोपे होते. बाल्टिक हा जवळजवळ चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला समुद्र आहे. डेन्मार्कलगतच्या अरुंद सामुद्रधुन्यांतून तो उत्तर समुद्राला मिळतो. त्याची सरासरी खोली जेमतेम ५५ मीटर आहे. नद्यांचे गोडे पाणी सतत येऊन मिळत असल्याने खारटपणा बेताचाच आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती-ओहोटी पाहणाऱ्याला तेथील पाण्याचे नवल वाटेल, कारण तेथे भरती-ओहोटी जवळजवळ जाणवतच नाही. मध्ययुगापासून या समुद्रावरून धान्य, मीठ, मासे, लाकूड आणि लोकरी कापड यांचा व्यापार चालत आला. कोपनहेगन या नावाचा अर्थच मुळी ‘व्यापाऱ्यांचे बंदर’ असा आहे.

कोपनहेगनमध्ये बहुतेकांची पावले ‘लिटिल मरमेड’कडे वळतात. १९१३ साली बसविलेला हा पुतळा सव्वा मीटर उंचीचा आहे, हे ठाऊक नसेल तर निराशा होते. तेथील जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीला १६ एप्रिल २०२४ रोजी भीषण आग लागली आणि चार ड्रॅगनच्या शेपट्या गुंफून साकारलेला तिचा सतराव्या शतकातील मनोरा कोसळला. त्यानंतर पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. शहराच्या समृद्धीचा पाया व्यापारात कसा होता, याची ही वास्तू साक्ष देते.

स्टॉकहोममध्ये एकच गोष्ट पाहायची असेल, तर ती ‘वासा’ ही युद्धनौका. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर निघालेली ही नौका सुमारे १३०० मीटर अंतर कापून बंदरातच बुडाली आणि १९६१ साली वर काढण्यात आली. तीनशेहून अधिक वर्षे तिचे लाकूड टिकले, त्यामागे बाल्टिकच्या बेताच्या खारटपणाचा मोठा वाटा आहे. जहाजांचे लाकूड पोखरणारा सागरी कृमी अशा पाण्यात तग धरत नाही. शिवाय हे संग्रहालय एकाच छताखाली असल्याने फार चालावे लागत नाही.

हेलसिंकीला १८१२ साली रशियाच्या झारने फिनलंडची राजधानी केले. सिनेट चौकातील इमारतींवर सेंट पीटर्सबर्गची छाप स्पष्ट दिसते. बाजारचौकातून सुटणारी लहान बोट काही मिनिटांत सुओमेनलिना या अठराव्या शतकातील सागरी दुर्गावर पोहोचविते. पलीकडच्या किनाऱ्यावर, सुमारे ८० किलोमीटरवर, एस्टोनियाची राजधानी टॅलिन आहे. येथे बंदरापासून जुने शहर जवळ आहे, मात्र त्याचे रस्ते गोल दगडांचे आणि चढउताराचे आहेत. टूम्पिया टेकडीवर वाहनाने जावे आणि सावकाश पायी खाली यावे, हे गुडघ्यांच्या दृष्टीने श्रेयस्कर. २३ ऑगस्ट १९८९ रोजी सोव्हिएत सत्तेच्या निषेधार्थ टॅलिनपासून रीगामार्गे विल्नियसपर्यंत लाखो नागरिकांनी हातात हात घालून मानवी साखळी उभी केली होती.

एकेकाळी या सहलीचा कळसाध्याय म्हणजे सेंट पीटर्सबर्ग. अधिकृत सहलीबरोबर उतरणाऱ्या जहाजाच्या प्रवाशांना तेथे ७२ तासांपर्यंत व्हिसाशिवाय फिरता येत असे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर मोठ्या क्रूझ कंपन्यांनी हा थांबा रद्द केला. त्यामुळे जुनी प्रवासवर्णने वाचून बेत आखणाऱ्यांनी आपल्या अपेक्षा तपासून घ्याव्यात. काही कार्यक्रमांत त्या जागी रीगा, गडान्स्क किंवा विस्बी ही बंदरे आली आहेत.

खर्चाचा हिशेब करताना जाहिरातीतील आकड्यावर विसंबू नये. तो बहुधा एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून माणशी दिलेला असतो. बक्षिसी, इंटरनेट, पेये आणि किनाऱ्यावरील सहली यांचे पैसे अनेकदा वेगळे पडतात. जहाजावर डॉक्टर असला, तरी उपचारांचे बिल द्यावे लागते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण सक्तीचे आहे. मधुमेह, रक्तदाब यांसारखे जुने आजार विमा घेतानाच जाहीर केलेले बरे. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, एस्टोनिया या देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. ब्रिटनमधून सुटणाऱ्या जहाजासाठी मात्र तेथील व्हिसाची स्वतंत्र तजवीज करावी लागते. औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत, कारण मोठ्या बॅगा केबिनपर्यंत पोहोचण्यास कित्येक तास लागू शकतात.

जहाजाने केलेल्या सहलीला उशीर झाला, तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्यासाठी थांबत नाही. म्हणून लांबच्या ठिकाणी जहाजाच्या सहलीने आणि जवळच्या ठिकाणी स्वतः जाणे शहाणपणाचे ठरते. शिवाय दोघांनी दिवसभर बरोबरच फिरले पाहिजे असे नाही. एकाने सुओमेनलिनाच्या तटावर चालावे, दुसऱ्याने बाजारचौकात कॉफी घेत बोटी पाहाव्यात आणि रात्री जेवणाच्या टेबलावर दोघांनी आपापले शहर एकमेकांना सांगावे. एकाचा वेग दुसऱ्यावर न लादता एकत्र प्रवास करता येणे, हाच निवृत्त जोडप्याला या जहाजाचा खरा फायदा आहे.